मुंबईची सासू आन् माज्या पायऱ्या

सोमवार, ८ जानेवारी १९७३

ही डायरी सहादेवनं दिली. आमच्या हापिसातला शिपाई. म्हनला, "टायरवाल्यांनी वाटल्यात, साहेबाकडं दोन झाल्या. तुमी लिवा कायतरी." मी म्हनलं, "दिसभर लिवतेच की." तर म्हनला, "ते साहेबाचं. हे तुमचं."

बरं. तर माजं लिवते.

मी चांगुना. सातवी पास, गावच्या शाळंत. मालक, गहिनीनाथ त्यांचं नाव, भिंगारात या गाड्यांच्या सरकारी हापिसात मेकॅनिक हुतं. काविळीनं गेलं, दोन वर्सं झाली. त्यांच्या जागी मला घेतलं, पन बाईच्या हातात पाना कोन देनार? म्हनून कार्डं टोचायच्या मशीनवर बसवलं. ऑर्डर तीन-तीन महिन्यांची निघती. आत्ताची एकतीस मार्चला सरती. पुढची निघाली न्हाई तर ही खोली सोडून दिराच्या दारात जायचं. दीर वाईट न्हाई. पन यंदा पानी न्हाई, सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडतंय, आन् मला तिथं पदर सावरत खडी फोडायची न्हाई. मला हितंच ऱ्हायचंय. माज्या खुर्चीवर.

काम असं. रंगनाथसाहेब कागदावर प्रोग्राम लिवत्यात. गाडी बिघडली की काय काय इचारायचं, कुठला भाग खोलायचा, गाडी रस्त्यावर सोडायची का न्हाई, ते सगळं मशीननं सांगायचं. त्यांची ती भाषा, लिस्प म्हनत्यात, तिच्यात नुसते कंस. कंसात कंस, त्यात अजून कंस. मी कागद बघून कार्डांना भोकं पाडते. पेटी मुंबईला जाती, तिथली मोठी मशीन भोकं वाचती, आठवड्यानं पेटी माघारी येती, संगं छापील कागद.

पहिल्या दिवशी साहेब म्हनले, "उघडलेला प्रत्येक कंस मिटला पाहिजे, एकही एकटा राहता कामा नये." मी म्हनलं, "काळजी सोडा साहेब. हापिसात एक इधवा बास झाली, दुसरी मी हू द्यायची न्हाई." साहेब कानापतुर लाल. एवढं शिकलंय, पन हसायचं का न्हाई ते कुनी शिकवलं न्हाई त्याला.

मंग कंसात हरवायला लागले तवा मीच एक काढलं. कंस उघडला की पुढली वळ दोन घरं आत टोचायची. अजून उघडला, अजून दोन घरं आत. मिटला की भाईर. कागद छापून आला की बारवंच्या पायऱ्या उतराव्या तसं दिसतं. कोन कुनाच्या पोटात हाय ते नुसत्या नजरंनं कळतं. साहेब म्हनले, "चांगुणाबाई, आता मला माझाच प्रोग्राम वाचता येतो." माजी ऑर्डर दरखेपेला निघती ती त्या पायऱ्यांच्या जिवावर. दुसरा कुनी टोचनारा पायऱ्या घालत न्हाई.

बुधवार, १७ जानेवारी

आज साहेब मुंबईहून आले. पोरगी पसंत पडल्यावानी तोंड. मी तेच इचारलं. म्हनले, "नाही हो! मुंबईच्या मशीनवर एक नवा प्रोग्राम बसवलाय. कसंही टोचून द्या, सगळं एका ओळीत, चिकटून, वाकडंतिकडं. तो आपलं आपणच पायऱ्या लावून छापतो. कार्डंसुद्धा नवी काढून देतो."

"आन् माज्या पायऱ्या?"

"आता गरज नाही. तुम्ही सलग टोचा. कार्डं कमी लागतील."

"पन साहेब, सलग तर कुनीबी टोचंल."

"हो ना!" असं म्हनले. खुशीत. मंग माज्याकडं बघितलं आन् चष्मा पुसाय लागले.

सहादेवनं चहा आनून ठेवला. त्यात आलं हुतं. हापिसाच्या चहात आलं कवा आलं काय म्हाईत.

या नव्या प्रोग्रामाचं नाव मी सासू ठेवलं. सून कितीबी नीट रचू दे, येऊन सगळं इस्कटनार आन् तिच्या पद्धतीनं लावनार.

गुरुवार, २५ जानेवारी

सासूचा पहिला कागद आला. बघितला. खोटं कशाला लिवू, पायऱ्या सरळ हायेत. माज्यापेक्षा सरळ.

पन तिनं एक केलंय! लिस्पमदी अर्धविराम टाकला की त्याच्या पुढचं मशीन वाचत न्हाई, ते मानसांनी वाचायचं. साहेब तिथं समजुतीचं लिवत्यात. मीबी कवा कवा टोचते, विंग्रजी अक्षरांत मराठी. एका लांब तुकड्यापुढं टोचलं हुतं, 'साहेब इथं दम खा, चहा घ्या.' सासूनं ते गिळलं. सगळंच गिळलं. साहेबांनी लिवलेलं 'वजन टनात समजावे' तेबी गेलं.

मी कागद घेऊन गेले. "साहेब, तुमची सासू बोललेलं ऐकत न्हाई."

"कोण सासू?"

"ही. तुमच्या टिपा कुठायत?"

साहेबांनी बघितलं. परत बघितलं. म्हनले, "तो फक्त कंस आणि शब्द वाचतो. टिपा वगळतो. लहान गोष्ट आहे."

"टन का किलो ही ल्हान गोष्ट हाय व्हय?"

"चांगुणाबाई, तुम्ही पायऱ्या सोडत का नाही? मी सांगितलंय ना?"

"सोडीन की. एकतीस मार्चला सोडीन."

तिकडं सहादेव ठसका लागल्यावानी भाईर पळाला.

सोमवार, २९ जानेवारी

पायऱ्या घालतेच. जादा कार्डं लागत्यात म्हून साहेबांनी लेखी दिलं, 'सलग टोचावे.' कागदामागं मी लिवलं, 'वाचले.' करीन म्हनून कुठं लिवलंय?

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज नको ते बघितलं.

जेवनाच्या सुट्टीत सासूचा कागद आन् माज्या कार्डांचा कागद शेजारी शेजारी टाकले. कुठं चुकती ते शोधायला. खोडी काढायची हुती, दुसरं काय न्हाई. लाल पेन्सिल घेऊन वळ न् वळ बघितली. तिची पायरी, माजी पायरी. सगळीकडं सारखी. एका जागी न्हाई.

बिरेकची वळ. 'बिरेक लागत न्हाई तर गाडी सोडू नका.' माज्या कागदावर ती पार भाईर, कडंला. म्हंजे हरेक गाडीला इचारायची. सासूच्या कागदावर ती तीन पायऱ्या आत. 'इंजन तापलंय का' याच्या पोटात.

मी म्हनलं, सापडली! टाळीच वाजवली. मंग कंस मोजले. बोटानं मोजले, परत मोजले. सासूचं बरोबर. साहेबांनी कागदावर वळ लिवलीया कडंला, पन तिच्या आधी एक कंस मिटायचा ऱ्हायलाय, आन् तो मिटलाय पार शेवटाला. जोड्या पुऱ्या भरत्यात, म्हून मशीन कुरकुरली न्हाई. मी कंस न मोजता, साहेबांनी कडंला लिवली म्हून कडंला टोचली. मशीन कंसच बघती, पायऱ्या न्हाई.

म्हंजे तीन महिने चूक साहेबांची, आन् तिच्यावर पदर टाकला माज्या पायऱ्यांनी. दिसायला एवढं टापटीप की कुनाला शंकाच येऊ नये.

डायरी हाय म्हून लिवते. दुसऱ्या कुनाला सांगायला जीब वळत न्हाई.

शनिवार, १० फेब्रुवारी

तरीबी सांगितलं. शेजारच्या राहीबाईला, भाकरी टाकता टाकता. तिला वाटतं मी दिसभर कागदाला भोकं पाडायचा पगार घेते.

म्हनली, "मंग ती मशीन बिरेकचं इचारती कवा?"

"इंजन तापलं असंल तरच."

"आन् गार असलं तर?"

"तर न्हाई इचारत. सोडा म्हनती गाडी."

"अगं बया! गार गाडीला बिरेक लागत न्हाई व्हय?" भाकरी हातातच ऱ्हायली तिची. शाळंची पायरी न्हाई चढली ती, पन तिला कळलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. दोन्ही कागद पुढं ठिवले, लाल खुना केलेले.

"साहेब, हितं एक कंस लवकर मिटायला पायजे."

"बाई, हे तुम्हाला कळायचं नाही."

"न्हाई कळत. म्हून तर इचारते, ही बिरेकची वळ घरात हाय का दारात?"

"तुमच्या पायऱ्या चुकल्या असतील."

"चुकल्याच हायेत! त्येच सांगते. सासूच्या बरोबर हायेत. आन् सासू दावती तसं तुमी लिवलंय."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. दिल्लीची मानसं मार्चात बघायला येनार, म्हून घाई. सासूचा कागद सहादेवला दिला, म्हनले, "हा जुना झाला, रद्दीत टाक." मला म्हनले, "टोचायचं काम तुमचं. विचार करायचं माझं."

लई राग आला. मशीनवर बसून एवढ्या जोरात टोचलं की शेजारचा कारकून म्हनला, "बाई, कार्डाला टोचताय का साहेबाला?"

गप बसावं का मोठ्या साहेबांकडं जावं? मोठे साहेब मद्रासकडचे, हिंदी बोलत्यात, तीबी मोजून. गेले तर रंगनाथसाहेब ऑर्डरच्या कागदावर सही करनार न्हाईत. न्हाई गेले. भ्याले, असं लिवते सरळ.

बुधवार, १४ मार्च

महिनाभर डायरीला हात न्हाई लावला. आज लिवलंच पायजे.

दिल्लीची चार मानसं आली. आमच्या शेडमदल्या सात गाड्यांची म्हायती आधीच टोचून मुंबईला धाडली हुती, त्यांची उत्तरं आज वाचायची. साहेब नव्या बुशशर्टात. एकेक गाडी, एकेक उत्तर. चार झाल्या. पाचव्या गाडीला उत्तर आलं, 'दोष नाही, गाडी सोडा.'

पुंजारामकाका शेडचे जुने ड्रायव्हर, कोपऱ्यात हुबे हुते. म्हनले, "सोडा की. फकस्त उताराला सोडू नका, तिला बिरेकच न्हाईत. मीच दगूड लावून हुबी केलीया."

दिल्लीवाला एक जन हसला. मंग दुसरा हसला. मोठे साहेब न्हाई हसले. रंगनाथसाहेबाचं तोंड बघवंना. मी खाली बघितलं. मला आनंद व्हायला पायजे हुता. झाला न्हाई.

शुक्रवार, १६ मार्च

साहेबांनी केबिनमदी बोलावलं. बसा म्हनले. आजपतुर कवा बस म्हनले नव्हते. एक विंग्रजीत टाईप केलेला कागद पुढं सरकवला, साहेबांनीच वाचून दावला. 'दिनांक अमुकच्या प्रोग्रामात कंसाची चूक पंचिंग करताना माझ्याकडून झाली.' खाली माजं नाव.

"एक कंस आहे बाई. टोचणाऱ्याकडून चुकतोच एखादा. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. आणि मी मोठ्या साहेबांना सांगतो, यांना कायम करून घ्या. तीन महिन्यांची कटकटच नको."

"आन् सही न्हाई केली तर?"

"तर..." टेबलावरली टाचनी इकडची तिकडं केली. "ऑर्डर निघणं अवघड आहे. पायऱ्यांचं काम आता मशीन करतं."

परवा होळी, सोमवारी धुळवडीची सुट्टी, मंगळवारी सांगते म्हनलं.

रविवार, १८ मार्च. होळी

खरं लिवते. सही करनार हुते.

शुक्रवारी केबिनीतनं भाईर पडले तवा मनात करूनच टाकली हुती. कायम म्हंजे खोली कायम. खुर्ची कायम. कंस कुनी बघितलाय? आन् पायऱ्या तर मीच चुकवल्या हुत्या, निम्मी चूक हायच माजी. असं मनाला समजावत बसले दोन दिस.

आज गल्लीत होळी पेटली. यंदा पुरन कुठलं, रेशनच्या लाल मिलो जवारीच्या भाकरीवर गुळाचा खडा. मानसं बोंब मारत हुती. राहीबाई म्हनली, "चांगुने, मार की तूबी, वर्साचा राग निगून जातो."

"बायका कुठं बोंब मारत्यात?"

"लिवून ठिवलंय का कुठं?"

मारली. अशी मारली की गल्लीतली कुत्री भुकाय लागली. राहीबाई म्हनली, "एवढं कुनावर?" मला वाटलं साहेबावर. पन बोंबलून छाती मोकळी झाली तवा कळलं, त्या टाईप केलेल्या कागदावर. 'माझ्याकडून झाली.' मालक पंधरा वर्सं पान्यानं नट आवळत हुतं. त्यांनी आवळलेला एक नट ढिला निगाला न्हाई. त्यांच्या जागी बसून मी लिवून देऊ, माज्या हातनं बिरेक गेलं?

जे माज्या हातनं झालं ते मी सांगीन. जे न्हाई झालं ते न्हाई.

मंगळवार, २० मार्च

आज सकाळीच सांगितलं न्हाई म्हनून. लगेच मोठ्या साहेबांच्या केबिनीत बोलावनं. रंगनाथसाहेब हुते, मी हुते, सहादेव पानी घेऊन आला आन् तिथंच घुटमळला.

मोठे साहेब म्हनले, "आपने गलत पंच किया?"

"न्हाई साब."

"तो गलती किसकी?"

म्या साहेबांच्या हातचा मूळ कागद मागितला. फायलीत हुता. माजी कार्डं काढली. एकेक अक्षर जुळवून दावलं. सारखं. पन नुसत्या कंसांकडं बघून कुनाला काय कळनार? मोठे साहेबबी कपाळ चोळाय लागले. माज्या पायऱ्यांचा कागद बघून म्हनले, "ये तो ठीक दिखता है."

तिथंच अडकलं. माजाच कागद माज्या इरोधात साक्ष देत हुता. मी म्हनलं, "साब, सासूचा कागद पायजे." त्यांना काय कळंना. फेब्रुवारीतला तो कागद तर रद्दीत गेला. मुंबईहून नवा यायला आठवडा.

तवर सहादेव पाठीमागून पुढं आला. बगलंत गुंडाळी. तोच कागद. घडी न पाडता, दोन्ही कडांना दोरा बांधून ठिवलेला, माज्या लाल पेन्सिलीच्या खुना जशाच्या तशा. रंगनाथसाहेब म्हनले, "तुला रद्दीत टाकायला सांगितला होता ना?" तर म्हनला, "टाकनारच हुतो साहेब. ऱ्हाऊन गेला." पाच आठवडे! त्याला मेल्याला कागद जपायची खोडच हाय.

पसरला टेबलावर. मोठ्या साहेबांनी बोट ठेवलं बिरेकच्या वळीवर, आन् पायरी पायरी वर नेलं. इंजनपतुर गेलं आन् थांबलं. त्यांना वाचून दावायला नको पडलं.

मंग मीच बोलले. हिंदी माजी अशी तशीच. "साब, मेरी सीढी गलत थी. मैंने कंस गिने नहीं, साब के कागद पे जैसा दिखा वैसा लगाया. तीन महिना गलती मेरी सीढी के नीचे छुपी. वो मैं लिखके देती. मगर कंस साब का है. वो मैं नहीं लिखके देती."

रंगनाथसाहेबांनी चष्मा काढला, पन पुसला न्हाई. मंग हळूच म्हनले, "कंस माझा आहे, सर."

एवढं एकच वाक्य. पन ते म्हनले. त्यांच्याबद्दल आजवर लिवलंय त्यातलं थोडं खोडावं वाटलं. खोडलं न्हाई. थोडंच हुतं.

शनिवार, ३१ मार्च

ऑर्डर न्हाई. दुपारी कारकुनाला इचारलं, म्हनला फाईल वर हाय. पाच वाजता इचारलं, म्हनला वरच हाय. सगळे आपापले डबे घेऊन निगाले. सहादेव फाटकापतुर आला, म्हनला, "सोमवारी येनार न्हाई का?"

"कशाच्या जोरावर येऊ?"

"या की. खुर्ची पुसून ठिवतो."

राहीबाई म्हनली सामान बांधू लागते. मी म्हनलं, एक भांडं जागचं हलवायचं न्हाई.

सोमवार, २ एप्रिल

गेले. ऑर्डर नसताना गेले, मशीनचं झाकन काढलं आन् बसले. कारकून म्हनला, "बाई, तुमचं नाव हजेरीत न्हाई." म्हनलं, "मंग मला उठवनार कसं? जी हजर न्हाई तिला उठवता येतं व्हय?" तो गेला साहेबाला इचारायला, तो गेलाच.

आज पायऱ्या न्हाई घातल्या. सलग टोचलं, चिकटून, एका वळीत. कुनी सांगितलं म्हून न्हाई. पायऱ्या सासूनंच घालाव्यात, ती तोंड बघत न्हाई कुनाचं. साहेबाचं न्हाई, माजंबी न्हाई. तिनं घातलेल्या पायऱ्या वाचायला मातर मानूस लागतं.

अकराच्या सुमाराला मोठे साहेब मशीनपाशी आले. हुबं ऱ्हाऊन बघितलं, हजेरीचं बोलले न्हाईत. गेले. दुपारी कागद आला. तीन महिने. कायम न्हाई, तीनच. पन खाली एक वळ हातानं लिवलेली, कारकुनानं मराठीत करून सांगितली: मुंबईहून आलेला पायऱ्यांचा कागद आधी चांगुणाबाईंनी वाचायचा, त्यांची सही झाली की मगच प्रोग्राम पुढं.

चारला पेटी आली. सहादेवनं कागद सरळ माज्या टेबलावर टाकला. मागोमाग रंगनाथसाहेब आले, हात पुढं करून.

"द्या बघू."

"साहेब, तुमच्या हातचं लिवनं हाय. तुमी नका बघू, तुमाला बरोबरच दिसंल."

हात मागं घेतला त्यांनी. "किती वेळ लागेल?"

म्या लाल पेन्सिलीला टोक काढाय घेतलं. सावकाश काढलं.

"बसा साहेब," म्हनलं. "कंस मोजते."